अमेरिकेतल्या टीव्हीवरची जाहिरात बघून आई इंजेक्शन मागतेय, या औषधांच्या जाहिराती माणसाला पटवतात तरी कशा?

स्वाती_मुलुंड

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आई माझ्या भावाकडे न्यू जर्सीला राहून नुकतीच परत आली. भाऊ-वहिनी दिवसभर कामावर, मुलं शाळेत, त्यामुळे आई आणि टीव्ही असाच दिवस जायचा, आणि तिकडे टीव्हीवर, त्यातून संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी, औषधांच्या जाहिराती एकामागून एक लागतात. आपल्याकडच्या बाम नि खोकल्याच्या औषधासारख्या नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत अशा औषधांच्या. आईला खूप वर्षांपासून सोरायसिस आहे, म्हणजे त्वचेवर चट्टे येतात तो आजार, कोपरं, गुडघे, थोडा डोक्यात. इथल्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, मलम, मध्येच गोळ्या, कधी कमी होतं कधी वाढतं. आता आल्यापासून एकच धोशा लावलाय की ते टीव्हीवरचं इंजेक्शन मला का देत नाहीत. नाव तोंडपाठ आहे, तेही जाहिरातीतल्या चालीवर.

मी तिला अजिबात दोष देत नाहीये. मे महिन्यातल्या लग्नाला पण ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून घामाघूम होऊन बसते, कारण कोणीतरी हात बघून विचारतंच की हे काय झालंय, दुसऱ्याला लागत नाही ना. आणि त्या जाहिरातीत तिच्याच वयाची बाई बिनबाह्यांचा ड्रेस घालून नातीचा हात धरून पाण्यात उतरते. ते बघून तिला काय वाटलं असेल ते मला कळतं.

पण आई बँकेतून रिटायर झालेली आहे, एफडीच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय सही न करणारी बाई. ती एका मिनिटाच्या जाहिरातीने एवढी कशी काय पटली? त्यात साइड इफेक्ट तर मोठ्याने वाचून दाखवतात, मग ते ऐकूनही माणूस हो कसा म्हणतो? आणि आपल्याकडे अशा जाहिराती दिसत नाहीत त्या कायद्यामुळे का? आणि शेवटचं, डॉक्टरांकडे हा विषय काढायचा कसा, त्यांना वाटायला नको की आम्ही टीव्ही बघून त्यांना शिकवायला आलोय.

एडिट_टेबल

स्वातीताई, मी अंधेरीत जाहिरातींच्या एडिटिंगमध्ये आहे. शाम्पू, टूथपेस्ट, हेल्थ ड्रिंक सगळं केलंय, चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात कधी केली नाही कारण आपल्याकडे ती होतच नाही, पण तिकडच्या जाहिराती मी मुद्दाम थांबवून थांबवून बघितल्यात, कारण आमच्या कामाच्या नजरेने बघितलं तर त्या फार कसबाने बांधलेल्या असतात.

साइड इफेक्टचंच आधी घेतो. फायदा सांगताना वाक्यं छोटी असतात, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला जागा सोडलेली असते, त्या जागेत म्युझिक वर येतं आणि नाव स्क्रीनवर ठरतं. मग धोक्यांचा भाग येतो आणि तिथे आठ-दहा गोष्टी एका लांबलचक वाक्यात ओवलेल्या, मध्ये थांबा नाही, आवाज तोच गोड. आणि नेमकं त्याच वेळी चित्र सगळ्यात जास्त भरलेलं असतं. तोपर्यंत एक बाई खिडकीशी बसलीय असे संथ शॉट चालू असतात, आणि धोके सुरू झाले की कुत्रा धावत येतो, केक कापला जातो, नात मिठी मारते, शॉट भराभर बदलतात. डोळ्याला एवढं काम दिलं की कान आपोआप सुटतो. कंपनीने सांगितलं नाही असं म्हणता येत नाही, सगळं सांगितलेलं असतं, फक्त ते मनात बसेल अशा पद्धतीने सांगितलेलं नसतं. हे तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यालाही माहीत आहे, म्हणून त्यांनी २०२३ मध्ये नियम काढला की टीव्हीवर मुख्य धोके ऐकू येतील तेव्हा तेच स्क्रीनवर अक्षरातही दिसले पाहिजेत, भाषा सोपी पाहिजे आणि त्या वेळी लक्ष दुसरीकडे ओढणारी चित्रं नि म्युझिक नको. नोव्हेंबर २०२४ पासून तो पाळावा लागतो. चांगला नियम आहे, पण तो धोक्यांच्या भागापुरता आहे, बाकीची गोष्ट सांगायची पद्धत त्याने बदलत नाही.

आणि ती गोष्टच खरी पटवते. सुरुवातीला माणूस फ्रेमच्या कडेला एकटा, रंग फिके निळसर. औषधानंतर तोच माणूस चार लोकांच्या मध्ये, ऊन पिवळं, सगळे त्याच्याकडे बघून हसतायत. मध्ये काय झालं, औषध शरीरात काय करतं, किती दिवसांनी करतं, कोणाला करत नाही, यातलं फारसं काही नाही. २००७ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये अशा टीव्ही जाहिरातींचा अभ्यास आला होता, त्यात ९५ टक्के जाहिरातींनी भावनेला हात घातलेला, ८५ टक्क्यांत आयुष्यावरचा ताबा परत मिळाल्याचं दाखवलेलं, ७८ टक्क्यांत औषधामुळे लोक आपल्याला जवळ करतात असं दाखवलेलं. आजार कशामुळे होतो हे सांगणाऱ्या साधारण चारात एक. आणि औषधाऐवजी खाणंपिणं, व्यायाम बदलून बघा असं सांगणारी एकही नव्हती. तुमच्या आईला लग्नात लोक काय म्हणतील याचा त्रास होतो ना, बरोबर तिथेच ती जाहिरात जाते.

आकड्यांचंही बघा. लिपिटॉर नावाच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं की हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्के कमी होतो. खाली बारीक अक्षरात त्याचा हिशोब होता, औषधच नसलेली, नुसती तुलनेसाठी दिलेली गोळी घेणाऱ्या १०० पैकी ३ जणांना अटॅक आला आणि लिपिटॉर घेणाऱ्या १०० पैकी २ जणांना. दोन्ही खरं आहे. पण ३६ ऐकून जे वाटतं आणि ३ चे २ झाले ऐकून जे वाटतं त्यात किती फरक आहे सांगा. त्याच गोळीच्या जाहिरातीत रॉबर्ट जार्विक होते, कृत्रिम हृदयासाठी प्रसिद्ध असलेले. लोकांना वाटलं हार्टचे मोठे डॉक्टरच सांगतायत, पण त्यांच्याकडे पेशंट तपासायचं लायसन्स नव्हतं, आणि जाहिरातीत ते होडी वल्हवताना दिसतात तिथे दुसराच माणूस वल्हवत होता. तिथल्या संसदेच्या समितीने चौकशी सुरू केल्यावर २००८ मध्ये लिपिटॉर बनवणाऱ्या फायझर कंपनीने ती जाहिरात काढून घेतली.

आईने बारीक अक्षर का नाही वाचलं म्हणाल तर एफडीचा कागद समोर आला की आपण सावध असतो, समोरच्याला आपले पैसे हवेत हे माहीत असतं. इथे शेवटपर्यंत कोणी विकत घ्या असं म्हणतच नाही. आपल्या डॉक्टरांना विचारा, एवढंच म्हणतात. सावध व्हायला कारणच मिळत नाही.

एक करून बघा. आईला ती जाहिरात यूट्यूबवर लावून द्या, एकदा आवाज बंद करून फक्त बघायला सांगा आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐकायला.

जर्सीवाली_वहिनी

मी इथे बरीच वर्षं आहे, मूळची दादरची. एडिट_टेबल यांनी चांगलं लिहिलंय पण दुसरी बाजू पण यायला हवी. मला कॉलेजपासून अर्धं डोकं दुखायचं, उजेड सहन व्हायचा नाही, आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं की उपाशी राहतेस म्हणून पित्त चढतं, आणि मीही तेच धरून चालले होते. टीव्हीवर मायग्रेनच्या औषधाची जाहिरात बघितली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे हे तर माझंच वर्णन आहे. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी जाहिरातीतलं औषध दिलं नाही, एक जुनी स्वस्त गोळी दिली आणि तीच लागू पडली. जाहिरात नसती तर मी आजही उपाशीपोटी चहा घेऊ नको हेच ऐकत बसले असते. म्हणून सरसकट वाईट म्हणायला माझं मन होत नाही.

हे सुरू कसं झालं तेही सांगते. १९९७ च्या आधी इथे टीव्हीवर औषधाचं नाव आणि ते कशासाठी आहे हे दोन्ही एकत्र सांगायचं तर धोक्यांची सगळी माहिती पण द्यायला लागायची, ती एका मिनिटात मावणार कुठून. म्हणून कंपन्या एकतर नुसतं नाव दाखवायच्या किंवा नुसता आजार. १९९७ मध्ये एफडीएने सांगितलं की मुख्य धोके जाहिरातीत सांगा आणि बाकीची माहिती कुठे मिळेल ते सांगा, फोन नंबर, वेबसाइट, मासिकातली जाहिरात, डॉक्टर. तेव्हापासून पूर आला. जगात अमेरिका आणि न्यूझीलंड सोडलं तर पेशंटला थेट अशी जाहिरात करायला परवानगी नाही.

आणि स्वाती, किमतीचं आईंना नक्की सांगा. त्या जाहिरातींत शेवटी येतं की महिन्याला अगदी थोडे डॉलर भरून औषध मिळू शकतं. ते इथल्या प्रायव्हेट इन्शुरन्सवाल्यांसाठी असतं, बाकीची रक्कम इन्शुरन्स भरतो. सरकारी मेडिकेअरवाल्या म्हाताऱ्यांना सुद्धा ते कार्ड चालत नाही, व्हिजिटरचा तर प्रश्नच नाही. आईंच्या डोक्यात तीच किंमत बसली असेल.

स्वाती_मुलुंड

वहिनी, अगदी तेच झालंय, आई म्हणते फार महाग नाहीये ते.

एडिट_टेबल, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री जेवण झाल्यावर केलं. आवाज बंद करून बघितल्यावर आई म्हणाली, यात औषध कुठे आहे, ही तर महाबळेश्वरच्या रिसॉर्टची जाहिरात वाटते. मग डोळे मिटून ऐकायला लावलं. अर्ध्यात तिने हात वर करून थांबवायला सांगितलं. ‘टीबी म्हणाली का गं ती?’ मागे घेऊन परत ऐकलं. होय, इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टीबी आहे का तपासायला हवं असं स्पष्ट वाक्य आहे. आईने ती जाहिरात तिकडे रोज बघितलीय, नाव चालीवर म्हणते, पण हे वाक्य तिच्या कानावर पडलंच नव्हतं. आणि आमच्या घरात टीबीचं नाव काढलं की सगळे गप्प होतात, कारण माझ्या आत्याला झाला होता आणि तिची सगळी सेवा आईनेच केली होती.

आता ती घाबरलीय, म्हणते नकोच ते इंजेक्शन. हेही मला बरोबर वाटत नाहीये. कोणी डॉक्टर असतील तर सांगा प्लीज.

डॉक्टर_गिरगाव

मी गिरगावात जनरल प्रॅक्टिस करतो, स्किनचा तज्ज्ञ नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण आईंना सांगा घाबरू नका, आणि विषयही सोडू नका.

ही इंजेक्शनं शरीराच्या प्रतिकारशक्तीचा एक ठरावीक भाग दाबतात, सोरायसिसमध्ये तोच भाग चवताळलेला असतो म्हणून त्वचा साफ होते. पण टीबीचा जंतू शरीरात गप्प पडून राहिलेला असेल तर तो डोकं वर काढू शकतो. सगळ्या इंजेक्शनांमध्ये हा धोका सारखा नाही, अडालिमुमॅब नावाचं इंजेक्शन ज्या गटातलं आहे त्यात जास्त, नंतर आलेल्या काहींमध्ये बराच कमी, पण तपासणी सगळ्यांच्या आधी करतात. तिकडे ते यादीतलं एक वाक्य म्हणून निघून जातं. मुंबईत मात्र माझा पहिला प्रश्न तोच असेल, घरात कोणाला होऊन गेलाय का, तुम्ही किती जवळ होतात. तुमच्या आत्याची हकिगत डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगा, लाजू नका.

डॉक्टरांना राग येईल का म्हणालात. नाव घेऊन मागितलं की आमच्यावर दबाव येतो हे खरं आहे, बाहेर वीस पेशंट बसलेले असतात, नाही म्हणून समजावत बसण्यापेक्षा लिहून देणं सोपं पडतं. २००५ मध्ये जामा या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात अमेरिकेत प्रशिक्षित लोकांना डिप्रेशनचे पेशंट बनवून डॉक्टरांकडे पाठवलं. ज्यांची लक्षणं सौम्य होती, औषधाची गरज असेलच असं नव्हतं, त्यांच्यापैकी ज्यांनी काहीच मागितलं नाही त्यांच्यातल्या १० टक्क्यांना औषध मिळालं, आणि टीव्हीवर बघितलं म्हणून ठरावीक ब्रँड मागणाऱ्यांतल्या ५५ टक्क्यांना. म्हणजे मागणीने आमचा हात हलतो. पण त्याच अभ्यासात ज्यांना खरं मोठं डिप्रेशन दाखवलं होतं त्यांना विचारल्यामुळे योग्य उपचार मिळायचं प्रमाण खूप वाढलं, जर्सीवाल्या वहिनींचा अनुभव त्याच जातीचा आहे. म्हणून विचारा जरूर, फक्त इंजेक्शनचं नाव पुढे न करता असं विचारा की सध्याच्या औषधाने एवढंच होतंय, यापुढची पायरी कोणती, लाइट थेरपी, मेथोट्रेक्सेट, इंजेक्शन यातलं मला काय बसेल, आणि वर्षाचा खर्च किती. आणि लग्नातल्या ब्लाउजचं सुद्धा सांगा. पेशंट आम्हाला फक्त चट्टे दाखवतात, त्या चट्ट्यांमुळे काय काय सोडून दिलंय ते सांगत नाहीत, आणि उपचाराची पायरी ठरवताना तेही धरायचं असतं. अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती आपल्याकडे २०१४ पासून बनतेय, त्यामुळे खर्चाचा हिशोब अमेरिकेपेक्षा वेगळा आहे.

जाहिरातीतलं औषध नवीन म्हणजे जास्त चांगलं असं मात्र धरू नका. व्हायॉक्स नावाची सांधेदुखीची गोळी १९९९ मध्ये आली, २००० या एका वर्षात तिच्या जाहिरातींवर १६ कोटी डॉलर खर्च झाले, लाखो लोकांनी मागून मागून घेतली आणि २००४ मध्ये हार्ट अटॅक नि स्ट्रोकच्या धोक्यामुळे कंपनीलाच ती बाजारातून काढावी लागली. नवीन औषधाचे दुर्मिळ धोके पहिल्या काही वर्षांत पूर्ण कळलेलेच नसतात आणि जाहिरातीचा जोर नेमका त्याच वर्षांत असतो. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

परळचा_केमिस्ट

कायद्याचं मी सांगतो, आमचा रोजचा संबंध. औषधाच्या पट्टीवर डावीकडे उभी लाल रेघ असते बघा, ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही याची खूण. शेड्युल एच, एच वन आणि एक्स या चिठ्ठीवरच्या औषधांच्या सरकारी याद्या, त्यांतल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्याशिवाय १९५४ चा मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्यात ५४ आजारांची यादी आहे, मधुमेह, ब्लड प्रेशर, कॅन्सर, लठ्ठपणा वगैरे, यांवर उपाय आहे अशी जाहिरात कोणत्याच औषधाची करायची नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेले गुप्तरोगाचे नि शुगर मुळापासून घालवायचे कागद आपण रोज बघतो ती अंमलबजावणीची बोंब, कायदा आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. वहिनींनी सांगितलं ना की १९९७ च्या आधी तिकडे नुसता आजार दाखवायचे, तोच प्रकार आपल्याकडे आता जोरात आहे. नागिणीची ती मोठ्या नटाची जाहिरात सगळ्यांनी बघितली असेल, नागीण किती दुखते ते दाखवतात, पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोला म्हणतात, लसीचं नाव नाही. वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली तेव्हापासून लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांना भेटा, अशाही जाहिराती वाढल्या. औषधाचं नाव नाही, त्यामुळे कायद्यात पकडणं अवघड. कोपऱ्यात बारीक अक्षरात जनहितार्थ नि कंपनीचं नाव. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर माणूस मोबाइल पुढे करून म्हणतो ते वजनाचं इंजेक्शन द्या. चिठ्ठी मागितली की म्हणतो नंतर आणून देतो. मी देत नाही, गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातं.

अशा जाहिरातीत धोके सांगावे लागत नाहीत, कारण औषधच नाही ना त्यात. अमेरिकेतल्या जाहिरातीत निदान टीबी हा शब्द उच्चारावा लागला, स्वातीताईंच्या आईंनी डोळे मिटल्यावर तो ऐकला तरी. आपल्याकडच्या आजाराच्या जाहिरातीत तो ऐकायला मिळणारच नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की जी कंपनी त्या आजाराचं औषध विकते तिचं नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरात आणि बोलूनही सांगायला लावलं पाहिजे.

एडिट_टेबल

केमिस्टसाहेबांशी शंभर टक्के सहमत. कंपनीचं नाव शेवटच्या दोन सेकंदात कोपऱ्यात टाकणं हा निर्णय एडिटच्या टेबलवरच होतो, ते नाव पहिल्या शॉटवर टाकणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. दिशाभूल वाटली तर एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते, त्यांचं ऑफिस मुंबईतच आहे आणि सामान्य माणूसही ऑनलाइन तक्रार करू शकतो.

स्वाती_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. परवाची अपॉइंटमेंट घेतलीय, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी आईने स्वतः लिहिली, आत्याचं सगळ्यात वर. डॉक्टर, एक शेवटचं विचारते, टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर इंजेक्शन कायमचं बंदच का? आणि लहानपणी टीबीची बीसीजी लस घेतलेली असल्यामुळे टेस्ट चुकू शकते असं कोणीतरी म्हणालं.

डॉक्टर_गिरगाव

नाही, कायमचं बंद नाही. जंतू नुसता झोपलेला आहे, आजार झालेला नाही असं निघालं तर त्यासाठी वेगळा औषधांचा कोर्स असतो, तो सुरू करून साधारण महिनाभर गेला की बरेचदा इंजेक्शन चालू करता येतं. बीसीजीमुळे चुकू शकते ती हातावर टोचून बघायची मँटू टेस्ट. इग्रा नावाची रक्ताची टेस्ट असते तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, जोडीला छातीचा एक्स-रे काढतात. जाताना आईंचे जुने एक्स-रे घरात असतील तर तेही घेऊन जा.